कृतज्ञतेचा गुरुवार आणि मुळशीचे ऋण

नोव्हेंबरचा चौथा आठवडा उजाडला, की हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये थोडी शांतता जाणवू लागते. अमेरिकेतील ग्राहक कंपन्यांची कार्यालये गुरुवारी बंद असतात आणि बहुतेक ठिकाणी शुक्रवारीही सुट्टीचेच वातावरण असते. रात्रीचे फोन थांबतात, ई-मेलचा ओघ आटतो. त्याआधी दोन दिवस 'हॅप्पी थँक्सगिव्हिंग' अशा शुभेच्छांची देवाणघेवाण झालेली असते. पुण्यातील हजारो तरुणांना हा परका सण असा कामाच्या निमित्ताने परिचयाचा झाला आहे. परंतु ज्या जमिनीवर बसून या शुभेच्छा पाठविल्या जातात, ती जमीन मुळशी तालुक्यातील आहे, हे त्यांतील फार थोड्यांच्या ध्यानी येते. आभार मानण्यासाठी वर्षातील एक दिवस राखून ठेवायचाच असेल, तर पुणे-मुंबईकरांनी तो मुळशीच्या नावे राखावा, इतके या तालुक्याचे आपल्यावर ऋण आहे.

सणाचा उगम

थँक्सगिव्हिंग हा मूळचा सुगीचा सण. इंग्लंडमधून निघालेले काही धर्मनिष्ठ स्थलांतरित १६२० च्या अखेरीस आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लिमथ येथे उतरले. पहिल्याच हिवाळ्यात उपासमार आणि रोगराई यांमुळे त्यांच्यातील जवळजवळ निम्मी माणसे दगावली. नव्या मातीत मका कसा पेरावा, खत कोणते घालावे, हे त्यांना तेथील मूळ रहिवाशांनी शिकविले. १६२१ च्या शरद ऋतूत पीक हाती आले, तेव्हा वसाहतीने मेजवानी केली. त्या परिसरातील वांपानोआग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट आपल्या सुमारे नव्वद माणसांसह तेथे आला आणि तीन दिवस हा सोहळा चालला. त्यांनी आपल्या वाट्याची हरणेही मारून आणली होती.

राष्ट्रीय सण म्हणून त्याला स्थान मिळाले ते मात्र बरेच उशिरा. सारा जोसेफा हेल या संपादिकेने त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६३ मध्ये, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभाराचा दिवस म्हणून जाहीर केला. पुढे १९४१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून चौथा गुरुवार निश्चित केला. त्यामुळे हा दिवस नेहमी २२ ते २८ नोव्हेंबर यांच्या दरम्यान येतो. घरोघरी एकत्र भोजन, त्याबरोबरच बेघरांसाठी अन्नछत्रे, अन्नपेढ्यांना धान्य देणे, स्वयंसेवा अशी कामे या काळात मोठ्या प्रमाणावर होतात. सणानंतरच्या खरेदीच्या धुमाळीला उत्तर म्हणून २०१२ पासून पुढचा मंगळवार 'गिव्हिंग ट्यूजडे', म्हणजे देण्याचा मंगळवार, म्हणून पाळला जाऊ लागला.

या सणाला एक सावलीही आहे. १६२१ च्या पंगतीनंतर अर्धशतक जेमतेम उलटले, तोच वसाहतवाले आणि वांपानोआग यांच्यात जमिनीवरून युद्ध पेटले. १६७५-७६ च्या त्या युद्धात मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम मारला गेला आणि त्याची जमात उद्ध्वस्त झाली. म्हणूनच १९७० पासून मूळ अमेरिकी लोक थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला जमून 'राष्ट्रीय शोकदिन' पाळतात. ज्यांनी पेरायला शिकविले, त्यांच्याच जमिनी गेल्या, ही आठवण ते दर वर्षी करून देतात. देवाचे आभार मानणे सोपे असते. ज्या माणसाच्या ताटातले आपल्या ताटात आले, त्याचे ऋण मान्य करणे अवघड असते.

आपली सुगी, आपले खळे

आभाराचा असा स्वतंत्र दिवस मराठी मुलखात नसला, तरी कृतज्ञतेचे सण आपल्याकडे विपुल आहेत. बेंदूर किंवा पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून मळतात आणि त्याला पुरणपोळीचा घास देतात. खंडेनवमीला हत्यारे आणि अवजारे पूजली जातात. वसुबारसेला गाय-वासराला ओवाळतात. नव्या तांदळाचा पहिला भात देवाला दाखविल्याखेरीज घरात कोणी खात नाही. धर्मशास्त्राने तर माणूस जन्मतःच ऋणको मानला. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे त्याच्या डोक्यावर असतात आणि ती फेडण्यातच त्याचे आयुष्य जावे, अशी ती कल्पना. 'उतराई होणे' हा आपला शब्दप्रयोग याच कल्पनेतून आलेला आहे.

मुळशी हा भाताचा मुलूख. सह्याद्रीच्या कुशीतील या मावळात आंबेमोहोर पिकतो. दिवाळीच्या आसपास भाताची कापणी होते, पेंढ्या खळ्यावर येतात आणि झोडणी सुरू होते. हे सारे एका कुटुंबाच्या बळावर होणारे काम नव्हे. लावणीला आणि कापणीला एकमेकांकडे कामाला जाण्याची 'सावड' या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आज तुम्ही आमच्या खाचरात, उद्या आम्ही तुमच्या. पैशाचा व्यवहार नाही, परंतु हिशेब मात्र पक्का. 'इर्जिक' ही याच जातीची दुसरी रीत. अडलेल्या शेतकऱ्याच्या शेतात गाव आपापले बैल आणि औते घेऊन उतरते, आणि त्याने मोबदला म्हणून सर्वांना पोटभर जेवू घालायचे. मदत घेणाऱ्याला मान खाली घालावी लागणार नाही, अशी सोय या दोन्ही रीतींत होती.

खळ्यावरच्या सर्वच रीती मात्र अशा समतेच्या नव्हत्या, हेही नमूद केले पाहिजे. सुतार, लोहार, कुंभार यांना वर्षभराच्या कामाबद्दल राशीतून बलुते मिळे आणि तो त्यांचा हक्क समजला जाई. पण गावगाड्याच्या तळाशी असलेल्यांना तोच हक्क पदर पसरून घ्यावा लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे या मिंधेपणाची चीड होती. देणारा उंच ओट्यावर आणि घेणारा खाली अंगणात, अशी रचना असेल तर दान कितीही मोठे असले, तरी त्याने घेणाऱ्याचे माणूसपण उणावते.

मुळशीने काय दिले

मुळशीचे दान मात्र कोणी पदरी घातलेले नव्हते. ते काढून घेतलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पावसाचे पाणी अडवून ते कोकणात सोडायचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करायची, ही योजना टाटा उद्योगसमूहाने आखली. १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरीचे. तिसरी योजना मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यातील होती. मुळशीजवळ धरण बांधून पाणी बोगद्यातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहात नेण्याचे ठरले. भिरा आज रायगड जिल्ह्यात आहे. ते केंद्र १९२७ मध्ये कार्यान्वित झाले. मुंबईच्या गिरण्यांची चाके आणि पुढे उपनगरी गाड्या ज्या जलविद्युतेवर धावल्या, तिच्यात या खोऱ्याचा मोठा वाटा होता. भिऱ्याला वीज तयार होते, ती आजही मुळशीच्याच पाण्यावर.

या पाण्याखाली सुमारे पन्नास गावांची जमीन गेली. ती काही खडकाळ माळजमीन नव्हती. खोऱ्याच्या तळातील सर्वांत सुपीक भातखाचरे होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने ती कंपनीला मिळवून दिली. नोटीस मिळण्यापूर्वीच शेतांतून खुणेचे दगड आणि खड्डे पडू लागले, तेव्हा शेतकऱ्यांना आपल्यावर काय ओढवले आहे, याची जाणीव झाली.

रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ रोजी, मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून लोकांना संघटित केले होते. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे यांच्यासारखी पुण्यातील मोठी माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. काम काही काळ थांबले, मग पुन्हा सुरू झाले. स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. लढा १९२४ पर्यंत रेंगाळला आणि अखेर हरला. राज्यशास्त्राचे अभ्यासक प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सखोल अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

पराभवाचे एक कारण आपल्याला, विशेषतः पुणेकरांना, अंतर्मुख करणारे आहे. मावळातील पुष्कळ जमिनी पुण्यातील सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्या नावे झालेल्या होत्या. कसणारा कूळ जमिनीसाठी लढत होता, तर सावकाराला चांगली नुकसानभरपाई मिळाली की पुरे होते. शहराने लढ्याला पुढारी दिले आणि शहरातीलच सावकारांच्या हितसंबंधांनी तो लढा आतून पोखरला. मुळशीचे ऋण एकट्या मुंबईवर नाही, ते असे.

सेनापती आणि त्यांची पहिली पंगत

या लढ्याने महाराष्ट्राला एक नाव दिले. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीने दिली. सत्याग्रहात त्यांनी वारंवार कारावास भोगला. लढा मावळत चालला, तेव्हा १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडविली आणि त्यासाठी सात वर्षांची शिक्षा पत्करली. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की त्यांचा स्मृतिदिन थँक्सगिव्हिंगच्याच आठवड्याच्या आगेमागे येतो.

बापटांच्या चरित्रातील एक प्रसंग या विषयाच्या संदर्भात मोलाचा आहे. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याच्या बारशाला त्यांनी पारनेरमध्ये पहिली पंगत बसविली ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची. उरलेले अन्न मागाहून वाढण्याची प्रथा असलेल्या काळात त्यांनी क्रमच उलटा केला. दान किती दिले, यापेक्षा कोणाला आधी वाढले, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. पहाटे उठून हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडण्याचा त्यांचा परिपाठही याच वृत्तीतून आलेला होता.

दादर ते लोअर परळ या टापूत रोज लक्षावधी लोक सेनापती बापट मार्गावरून जातात. पुण्यातही त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्याच्या दुतर्फा आज मोठमोठी कार्यालये उभी आहेत. रस्त्याला नाव देणे ही शहराची कृतज्ञता खरी. पण त्या नावाला सेनापतिपद कोणत्या लोकांमुळे मिळाले, हे विसरल्यावर तिच्यात पाटीपलीकडे काही उरत नाही.

ऋण मानणारे कायदे आणि निधी

ज्याच्या त्यागावर आपले सुख उभे आहे, त्याचे आपण काही देणे लागतो, हे तत्त्व महाराष्ट्राने अगदीच स्वीकारले नाही असे नाही. धरणग्रस्तांच्या दीर्घ लढ्यांनंतर १९७६ मध्ये राज्याने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची सुधारित रूपे आली. धरणाचा लाभ ज्यांना मिळतो, त्या लाभक्षेत्रातील जमिनीचा हिस्सा विस्थापितांना मिळावा, हे त्याचे सूत्र. मुळशीच्या मावळ्यांसाठी मात्र तो अर्धशतक उशिरा आला. शिवाय मुळशीचे लाभक्षेत्र म्हणजे मुंबईतील गिरण्या. तेथे कोणाला कसली जमीन मिळणार होती?

धरणग्रस्तांच्या या चळवळीत अग्रभागी असलेले डॉ. बाबा आढाव यांचा आणखी एका अभिनव उपक्रमाच्या उभारणीत वाटा होता, तो म्हणजे 'सामाजिक कृतज्ञता निधी'. पोटापाण्याचा विचार बाजूला ठेवून वंचितांसाठी पूर्ण वेळ काम करणारे कार्यकर्ते समाजावर उपकार करीत असतात. तेव्हा त्यांच्या किमान गरजांची काळजी समाजाने घ्यावी, ही त्यामागील भूमिका. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि अनेक नामवंत कलावंतांनी आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग गावोगावी करून निधी जमविला. त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची योजना झाली. निधीच्या नावात 'साहाय्य' किंवा 'मदत' हा शब्द नाही, 'कृतज्ञता' हा शब्द आहे. देणाऱ्याची जागा त्यामुळे बदलते. तो दाता राहत नाही, ऋणको होतो.

नोव्हेंबरमधील मुळशी

अमेरिकेत आभाराची मेजवानी चालू असते, त्याच दिवसांत मुळशीतील काही वस्त्या रिकाम्या होत असतात. या तालुक्यात कातकरी समाजाची विखुरलेली घरे आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून त्यांना हे नाव पडले. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरले आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्यासह कातकरी येतात. बहुतेकांकडे स्वतःची शेतजमीन नाही. ज्या जागेवर झोपडी आहे, तीही अनेकदा त्यांच्या नावावर नसते.

पावसाळ्यात घरातले धान्य संपते आणि हाताला काम नसते. त्या वेळी वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मालक, अथवा त्याचा मुकादम, 'उचल' देतो. ही उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम. सुगीची कामे आटोपली आणि दिवाळी झाली, की कुटुंब भट्टीवर जाते. नवरा-बायको मिळून मजुरीचा एक जोड धरला जातो, लहान मुले तेथेच चिखलात खेळतात आणि मोठी हाताखाली राबतात. पाऊस जवळ आला की हिशेब होतो. पुष्कळदा त्या हिशेबात उचल फिटलेलीच नसते आणि ती पुढच्या वर्षीच्या खात्यावर चढते. वेठबिगार पद्धती १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. उचलीच्या या चक्रातून तिचे पाऊल पुन्हा उमटते.

पुण्या-मुंबईच्या वाढत्या इमारतींना विटा अशा भट्ट्यांवरूनच येतात. शंभर वर्षांपूर्वी खोऱ्याने शहराला वीज दिली, आता त्याच डोंगरांतील हात शहराला भिंती देत आहेत. धरणाकाठच्या वाड्यांची उन्हाळ्यातील पाण्यासाठीची वणवण तर वृत्तपत्रांच्या वाचकांना नवी नाही.

मदत करायची ती कशी?

सणासुदीला मदत करण्याची इच्छा शहरी माणसाला होत नाही असे नाही. २००९ मध्ये 'जॉय ऑफ गिव्हिंग वीक' या नावाने सुरू झालेला आणि आता 'दान उत्सव' म्हणून ओळखला जाणारा सप्ताह दर वर्षी २ ते ८ ऑक्टोबरला देशभर साजरा होतो. पुण्यातच महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेने मुलींच्या शिक्षणासाठी 'भाऊबीज' गोळा करण्याची प्रथा रुजविली. घरच्या बहिणीला ओवाळणी घालताना समाजातील अनोळखी बहिणीचाही वाटा वेगळा काढायचा, ही ती साधी आणि सुंदर कल्पना. मुळशीच्या बाबतीत मात्र गाडीत जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे भरून निघण्यापूर्वी थोडा विचार करावा. काही गोष्टी ध्यानात ठेवता येतील.

पहिली गोष्ट, हक्क मिळवून देणे ही सर्वांत टिकाऊ मदत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानुसार आदिम जमातींतील कुटुंबे अंत्योदय योजनेला पात्र आहेत. या योजनेत महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने विशेष असुरक्षित गटांसाठी 'पीएम-जनमन' हे अभियान घरे, पाणी, रस्ते आणि आरोग्य यांसाठी सुरू केले. पण शिधापत्रिका, आधार आणि जातीचा दाखला नसेल, तर यांतील काहीच दाराशी येत नाही. अर्ज भरणे, पौडच्या तहसील कचेरीत हेलपाटे घालणे, कागद नीट जोडणे ही कामे संगणकावर बसणाऱ्या माणसाला सहज जमतात. दोन सुट्या यासाठी दिल्या, तर एका कुटुंबाचे अनेक पावसाळे सुकर होतात.

दुसरी गोष्ट, वेळ. मदत नोव्हेंबरात आठवते. गरज जुलै-ऑगस्टमध्ये असते. धान्य त्या महिन्यांत पोहोचले, तर उचल घेण्याची पाळीच कमी येते. सणाच्या दिवशी केलेल्या संकल्पाची तारीख पावसाळ्याची असावी.

तिसरी गोष्ट, मुले. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलाला त्याच्या शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेता येते आणि ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसविता येते. घर बांधणाऱ्याने वीट विकत घेताना भट्टीवरची मुले शाळेत जातात का, हे विचारले, तरी त्या प्रश्नाचा परिणाम होतो. मुले कामाला जुंपलेली दिसली, तर १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

चौथी गोष्ट, रीत. वस्तीत आधीपासून काम करणाऱ्यांना विचारून जावे. काय हवे, हे वस्तीतील बायांना विचारावे. रांग लावून, हातात पुडा देऊन छायाचित्र काढू नये. सावड आणि इर्जिक यांत देणारा-घेणारा एकाच चिखलात उभे असत. मदतीला जाताना हीच रीत नजरेसमोर असावी.

उतराई

मुळशीच्या जलाशयावर आज शनिवार-रविवारी गर्दी उसळते. ताम्हिणीच्या वाटेवर धबधबे पाहायला, काठावर भजी खायला माणसे येतात. समोरचे विस्तीर्ण निळे पाणी पाहून कोणाचेही मन प्रसन्न होते, त्यात वावगे काही नाही. मात्र त्या पाण्याच्या तळाशी खाचरे आहेत, त्यांचे बांध घालणाऱ्या हातांची नातवंडे-पतवंडे याच डोंगरांत राहतात, हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते पाहणे वेगळे असते.

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार आपला सण व्हावा, असे मुळीच नाही. पण हिंजवडीच्या कार्यालयात त्या दिवशी मिळालेली थोडी उसंत कोणाला सत्कारणी लावायची असेल, तर पौडचा रस्ता दूर नाही. जाताना दात्याच्या तोऱ्यात जाऊ नये. बापटांनी १९१४ मध्ये पारनेरला ज्या क्रमाने पंगत बसविली, तो क्रम आठवावा आणि थकलेले देणे द्यायला निघालेल्या ऋणकोसारखे जावे.